ऐंशीला थरथरणारी गाडी

जुलै-ऑगस्टात लातूर, परभणी, सोलापूर या पट्ट्यात पाणंदीतून गाडी बाहेर काढणं हे एक काम असतं. ती डांबरीवर आल्यावर का थरथरतेय हे शोधणं हे दुसरं. तक्रार जवळपास सगळीकडे सारखीच ऐकू येते. शेतातून निघताना चाकं चिखलात बुडाली होती, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेटत गाडी बाहेर आली, तीस-चाळीसच्या वेगाला काहीच जाणवलं नाही. हायवेला लागून काटा पंचाहत्तर-ऐंशीकडे गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. आणखी वेग वाढवला तर थरथर वाढली, आणि शंभर-एकशेदहाच्या पुढे कधी कधी कमीही झाली. सह्याद्रीत पावसाळी भटकंतीला थार, जिप्सी किंवा जिम्नी घेऊन जाणाऱ्यांचा अनुभवही हाच.

यावर बहुतेक जण पहिलं काम करतात ते अलाइनमेंट करून घेण्याचं. ते चुकीच्या टोकाने सुरुवात करणं आहे. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं, टायर एका कडेने झिजतो. ठरावीक वेगाला सुरू होणारी थरथर हे तिचं लक्षण नव्हे. चिखलातून आलेल्या गाडीत ही थरथर बहुतेक वेळा चिखलामुळेच असते, आणि ती घालवायला पाणी, एक लाकडी काडी आणि अर्धा-पाऊण तास पुरतो. पण तो चिखल नेमका कुठे बसतो आणि एवढासा असून एवढा त्रास का देतो, हे समजून घेण्यासारखं आहे. ते कळलं की चिखल नसलेली कारणंही ओळखता येतात.

त्याआधी एक तपासणी मात्र विनाविलंब. चिखलात पंक्चर झालं असेल आणि तिथेच स्टेपनी चढवली असेल, तर गाडी बाजूला घेऊन त्या चाकाचे नट पान्याने पाहावेत. हब आणि रिम जिथे एकमेकांना टेकतात तिथे चिखलाचा पातळ थर राहिला, तर नट त्या वेळी घट्ट लागल्यासारखे वाटतात. पुढे चालताना तो थर दबतो, चुरा होऊन निघतो आणि नट सैल पडतात. सैल चाकाची थरथर कमी वेगालाही जाणवते, आणि दर किलोमीटरला वाढत जाते. अशा वेळी पुढचं गॅरेज गाठू असा विचार करायचा नाही. चाक उतरवून दोन्ही पृष्ठभाग पुसायचे आणि समोरासमोरचे नट आलटूनपालटून आवळायचे.

आता मातीकडे वळू. दख्खनच्या पठारावरची काळी माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, पाणी गेलं की आक्रसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा त्यामुळेच. ओली काळी माती लोखंडाला, रबराला, चपलेला जिथे लागेल तिथे थरावर थर चढवत जाते. वाफसा आल्याशिवाय रानात पाऊल घालू नये हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. कोकणातली आणि गोव्यातली जांभ्याची तांबडी माती वेगळी. तिच्यात केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडं जास्त, फुगण्याचा गुण कमी. ती गाडी रंगवून टाकते, पण रिमच्या आत तिचे गोळे तितक्या हट्टाने बसत नाहीत. त्या मातीतून आलेली गाडी थरथरली तर चिखलापेक्षा तिच्यातल्या जांभ्याच्या दगडांचा संशय मी आधी घेतो. पाणी भरलेल्या चाकोरीत लपलेला दगड रिमची कड सहज वाकवतो.

काळ्या मातीचा गोळा बसतो तो रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे गाडीखाली वाकून पाहिलं तरच दिसेल अशा जागी. तिथे रिमचा आकार खोलगट पन्हाळीसारखा असतो. चिखल आत जातो, चाक फिरताना बाहेरच्या दिशेने दाबला जातो आणि तिथेच घट्ट होतो. चाकभर सारखा पसरला तर तो फारसा जाणवत नाही, आणि म्हणूनच पुष्कळांची गाडी त्या दिवशी घरापर्यंत नीट येते. रात्री गाडी उभी राहते. ओला चिखल सावकाश रिमच्या तळाशी उतरतो आणि सकाळपर्यंत एकाच ठिकाणी वाळतो. किंवा वाळताना आक्रसून त्याचं एखादं ढेकूळ सुटून पडतं आणि बाकीचा तसाच राहतो. दोन्ही प्रकारांत चाकाची एक बाजू जड होते. काल ठीक होती आणि आज अचानक काय झालं, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

जड बाजू म्हणजे किती जड, याचं गणित करू. बोलेरोसारख्या गाडीचा २१५/७५ आर १५ मापाचा टायर घ्या. त्याचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर, परीघ सुमारे २.२ मीटर. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटरहून थोडी जास्त जाते, म्हणजे चाक सेकंदाला दहा फेरे घेतं. रिमच्या आत, मध्यापासून १८ सेंटिमीटरवर, फक्त १०० ग्रॅम चिखल चिकटला आहे असं धरा. मुठीत मावेल त्याहून कमीच. ताशी ४० ला हा चिखल चाकाला बाहेरच्या दिशेने सुमारे २ किलो वजनाच्या जोराने ओढतो. ८० ला तोच जोर साडेसात किलोच्या घरात जातो आणि १०० ला साडेअकरा किलोच्या आसपास. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. ज्वारीच्या रानात गोफण फिरवलेल्या माणसाच्या मनगटाला हे ठाऊक असतं: खडा तोच, पण हात जोरात फिरायला लागला की दोरी तळव्यात रुतते. फरक इतकाच, की इथे ती ओढ चाकाच्या दर फेऱ्याला वर, पुढे, खाली, मागे अशी दिशा बदलत राहते. सेकंदाला दहा वेळा. टायरच्या दुकानातलं बॅलन्सिंगचं मशीन पाच-पाच ग्रॅमचा फरक दाखवतं आणि कारागीर त्यासाठी वजनं लावतो, हे लक्षात घेतलं तर शंभर ग्रॅम म्हणजे काय ते कळेल.

मग ही थरथर ऐंशीलाच का उठते आणि पुढे कधी कमी का होते? टायर हवेवर उभा असतो, म्हणजे तो स्वतःच एक स्प्रिंग आहे. चाक, हब, ब्रेक आणि अ‍ॅक्सल यांचं वजन त्या स्प्रिंगवर आणि गाडीच्या सस्पेन्शनवर झुलतं. या झुलण्याची स्वतःची एक लय असते, बहुतेक गाड्यांत सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. ताशी ८० ते १२० दरम्यान चाकाचे फेरेही नेमके सेकंदाला दहा ते पंधरा होतात. दोन लयी जुळल्या की थोडक्या असमतोलाचंही मोठं हलणं होतं. वेग त्या पट्ट्याबाहेर गेला की हलणं उतरतं, पण ओढ मात्र वाढतच असते. म्हणून वेग वाढवल्यावर गाडी शांत झाली, तर दोष गेला असं समजू नये. तो भार बेअरिंग आणि बॉल जॉइंट निमूट सोसत असतात.

आणखी एक बारकावा. चिखल रिमच्या मध्यरेषेवर नसतो, आतल्या कडेला असतो. त्यामुळे चाक नुसतं वर-खाली उसळत नाही, डावी-उजवीकडे मान हलवल्यासारखं डोलतंही. पुढच्या चाकाचं हे डोलणं टाय रॉडवाटे थेट स्टिअरिंगमध्ये येतं. मागच्या चाकाला स्टिअरिंगशी जोडणारं काही नाही, म्हणून तिथला चिखल सीटमधून आणि गाडीच्या जमिनीतून जाणवतो. थरथर हातात आहे की बुडाखाली, एवढं नीट पाहिलं तरी निम्मा शोध संपतो.

धुण्याबद्दल आता सविस्तर, कारण चूक इथेच होते. वॉशिंग सेंटरवर गाडी धुवून आणली तरी थरथर तशीच राहिली, म्हणजे चिखलाचा प्रश्न मिटला, असं धरलं जातं. पण तिथे पाण्याचा मारा बाहेरून होतो, रिमची दर्शनी बाजू चकचकीत होते आणि आतला थर जिथल्या तिथे राहतो. सांगून आतून धुवून घ्यावं. घरी करायचं तर वाळलेली काळी माती आधी भिजवावी लागते. कोरडी खरवडायला गेलं तर ती दगडासारखी असते, आणि भिजवल्यावर लगेच ओढली तर नुसती चिकट होऊन पसरते. पाणी मारून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यावं, मग लाकडी काडीने सोडवावी. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर नको, त्याने रिमला चिकटवलेली वजनं उखडतात. रिमचा आतला सगळा भाग एका वेळी हाताला लागत नाही, म्हणून निम्मं झाल्यावर गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन उरलेलं करावं. प्रेशरची तोटी बेअरिंगच्या सीलवर, रबरी बुटांवर किंवा टायरच्या भिंतीवर अगदी जवळून धरू नये. आणि लांबून आलेल्या गाडीच्या तापलेल्या डिस्कवर थंड पाणी तर नकोच.

हात आतपर्यंत फिरवून सगळं स्वच्छ झाल्याची खात्री केली, तरी थरथर उरली, तर खरा तपास सुरू होतो.

रस्ता मोकळा आणि सरळ असेल तेव्हा ज्या वेगाला थरथर असते तिथे गाडी न्यावी आणि क्षणभर न्यूट्रल करावी. इंजिन चालूच ठेवायचं. चावी बंद केली तर ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच निर्दोष. फिरणारं जे काही वेगाशी बांधलेलं आहे, म्हणजे चाकं, टायर, शाफ्ट, तिथेच दोष आहे. उलट, गाडी उभी असताना इंजिनचे फेरे वाढवले आणि तीच थरथर आली, तर बोनेट उघडावं. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या गाड्यांत त्यावर बसणाऱ्या पंख्याच्या पात्यांना चिखलाचे थर बसलेले मी पाहिले आहेत. रेडिएटरच्या जाळीत माती भरली असेल तर तेही तेव्हाच दिसतं. इंजिनच्या माउंटिंगचं रबर खड्ड्यात आपटून फाटलं असेल तर थरथर उभ्या गाडीतही असते.

दोष चाकात आहे असं ठरलं, तर कोणत्या, हे शोधायला पैसे लागत नाहीत. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करायची. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली, तर दोष त्या चाकासोबत गेला. ती जागची हलली नाही, तर चाक नव्हे, त्या जागेवरचं हब, बेअरिंग किंवा सांधा पाहायला हवा. गॅरेजमध्ये जाण्याआधीची ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे आणि फार थोडे लोक ती करतात.

चाकात चिखल नसेल तर काय असतं? सगळ्यात आधी, गळालेलं वजन. लोखंडी रिमच्या कडेला क्लिपने बसवलेली वजनं चाकोरीच्या काठाला घासून उडतात. अलॉयच्या आत चिकटवलेली वजनं चिखलासोबत ओढली जातात. रिमवर चौकोनी स्वच्छ डाग किंवा जुन्या चिकटपट्टीचा अवशेष दिसला तर ओळखावं. दुसरं, वाकलेलं रिम. गाडी जॅकवर घेऊन, खाली पक्का स्टँड लावून, चाक हाताने फिरवावं आणि एका जागी घट्ट धरलेला खडू रिमच्या कडेजवळ न्यावा. जिथे कड बाहेर आली आहे तिथेच खडूची रेघ उमटते. टायरवरही असंच पाहावं. भिंतीवर फुगवटा दिसला किंवा नक्षीचा एखादा पट्टा वर उचलल्यासारखा वाटला, तर आतले दोर किंवा पट्टे सुटले आहेत. त्या टायरला बॅलन्सिंग नाही, निवृत्ती हवी, आणि हायवेवर तो एक दिवसही चालवू नये.

तिसरं कारण हौसेने चिखलात जाणाऱ्यांचं. पकड वाढावी म्हणून हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवली जाते. एवढ्या कमी हवेवर जोर दिला की रिम फिरतं आणि टायर त्यावरून थोडा घसरतो. वजनं रिमला लावलेली, जड जागा टायरची. दोघांची जोडी मोडली की जुळवलेला समतोल बिघडला. टायरची कड आणि रिम यांच्यामध्ये मातीही शिरते आणि टायर गोल बसत नाही. पुढच्या वेळी निघण्यापूर्वी टायरवर आणि रिमवर समोरासमोर खडूची खूण करून ठेवली, तर परतल्यावर टायर सरकला की नाही हे एका नजरेत कळतं. हवा परत भरायची राहिली असेल, तर तीही थरथरीचं कारण ठरते.

चाकं निर्दोष निघाली आणि थरथर हातात नसून जमिनीतून गुणगुणल्यासारखी बारीक असेल, तर मागच्या चाकांना जोर नेणारा शाफ्ट पाहावा. तो चाकांपेक्षा सुमारे चौपट वेगाने फिरतो. ताशी ८० ला सेकंदाला चाळीसेक फेरे, म्हणून त्याची थरथर डोलणारी नसते, घुमणारी असते. शाफ्टच्या नळीवर वाळलेला चिखल, लागलेल्या दगडाचा पोचा, उडालेलं वजन, यांपैकी काहीही पुरतं. दोन्ही टोकांना असणारा क्रॉस हा सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने वर्णन केलेल्या सांध्याचाच वंशज. तिरप्या कोनात फिरताना त्याचा वेग दर फेऱ्यात दोनदा मागेपुढे होतो. दोन टोकांचे क्रॉस एकमेकांचा हा दोष फेडतात. त्याच्या सुईसारख्या बेअरिंगांमध्ये चिखलाचं पाणी गेलं, ग्रीस धुऊन निघालं, की तो अडखळायला लागतो. गाडी निघताना खालून ‘टक’ आवाज आला, किंवा क्रॉसभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसली, तर क्रॉस बदलायला झाला. चिखलातून आल्यावर त्याच्या निपलमधून नवं ग्रीस भरणं, जुनं घाण ग्रीस बाहेर येईपर्यंत, हे थोडक्या पैशांत मोठा खर्च वाचवणारं काम आहे.

फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून डिस्ककडे जावं. पॅड आणि डिस्कमध्ये अडकलेली वाळू डिस्कवर चरे पाडते. कॅलिपरच्या सरकत्या पिनांत चिखल गेला तर पॅड मागे हटत नाहीत, चाक सतत घासत राहतं. थोडं चालवून उतरल्यावर एकाच चाकाजवळ जास्त धग आणि जळका वास येत असेल, तर हेच. हात जवळ न्यावा, डिस्कला लावू नये. बेअरिंगचं लक्षण वेगळं: घूं असा आवाज, जो वळणावर एका बाजूला वाढतो आणि दुसऱ्या बाजूला उतरतो. जॅकवर चाकाला वर आणि खाली धरून हलवल्यावर प्ले जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉड एंड.

जिप्सी, जुन्या जीप आणि जिम्नी यांच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. यांचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असतो, डावं-उजवं चाक एकाच दांड्याला. एका चाकाची उसळी त्या दांड्यातून दुसऱ्यात जाते आणि बुश किंवा किंगपिनची बेअरिंगं झिजलेली असतील तर एखाद्या खड्ड्यावर साध्या थरथरीचं रूपांतर हात हिसकावून घेणाऱ्या डोलण्यात होतं. मोटारीच्या इतिहासात हा त्रास जुना आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेला इंजिनीअर मॉरिस ओली याने तिथे त्याचा अभ्यास केला, आणि १९३४ च्या मोटारींत कंपनीने पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, त्यामागे हेही एक कारण होतं. अखंड अ‍ॅक्सल चिखलात आणि दगडांत उत्तम चालतो, म्हणून तो अशा गाड्यांत टिकून आहे. पण त्या गाडीत असमतोल चाक म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. असं डोलणं सुरू झालं तर स्टिअरिंग घट्ट धरावं, अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, जोराचा ब्रेक न मारता वेग उतरू द्यावा.

थार, जिप्सी, जिम्नी यांच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट पाहावी: फोर-व्हील ड्राइव्हचा लिव्हर परत टू-व्हीलवर आला आहे का. यांच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या वेगांतला फरक पचवणारा डिफरन्शियल नसतो. चिखलात चाकं घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघायला जागा नसते, म्हणून वळताना गाडी अडखळते, हिसके देते आणि लिव्हर हलायला नकार देतो. थोडं सरळ मागे-पुढे घेतलं की ताण सुटतो.

आता बॅलन्सिंग. वर सांगितलेलं सगळं करून मगच मशीनवर जावं, कारण मशीनला चिखल आणि लोखंड यांतला भेद कळत नाही. रिमच्या आत वाळकं ढेकूळ असताना चाक चढवलं, तर मशीन त्या ढेकळाची बरोबरी करायला समोर वजन लावायला सांगतं. काटा शून्यावर येतो, गाडी चार दिवस लोण्यासारखी चालते. मग ढेकूळ वाळून गळतं आणि त्याच्यासाठी लावलेलं वजनच नवा असमतोल बनतं. म्हणून चाक मशीनवर चढण्याआधी रिमचा आतला भाग आणि हबला टेकणारी बाजू स्वतः पाहावी, जुनी वजनं काढून नव्याने मोजायला सांगावं, वजनं लावल्यावर पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलं का ते बघावं. चाक परत बसवताना हवेच्या गनने नट सरसकट ठोकून देण्याऐवजी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, समोरासमोर, टॉर्क पान्याने आवळून घ्यावेत. त्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटर झाले की ते एकदा पुन्हा तपासावेत.